दर सोमवारी अर्धा फेरा

११ जून

चि. भिंगरी,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहायला नकोत. पाकीट बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. फोनवर तू "हो काका, बरं काका, जेवलात का काका" म्हणतेस आणि ठेवून देतेस. पत्रात तशी पळवाट नाही. शिवाय तुमच्या त्या राष्ट्रीय नियंत्रण कक्षात फोन न्यायला बंदी, आणि तू सुटतेस तेव्हा मी ड्यूटीवर. म्हणून म्हटलं, कागदच बरा.

आमच्या वीजकेंद्रातला तीन नंबरचा संच बंद होऊन दहा महिने झाले. राजधानीतून अकरा जुन्या संचांची यादी आली, त्यात त्याचं नाव होतं. यादी कोणी केली ते मी विचारत नाही. विचारून टर्बाइन फिरत नाही. एक आणि दोन नंबर केव्हाच भंगारात गेले, चार आणि पाच धडधडतायत, आणि मधे तीन नंबर दिवे घालवून उभा आहे.

आता एक गोष्ट सांगतो ती पोटात ठेव. दर सोमवारी नाश्त्याच्या सुट्टीत मी आणि क्रेनवाला गुपचूप तीन नंबरकडे जातो. बेअरिंगला तेल देणारा छोटा पंप लावतो. मग लांब लोखंडी दांडा शाफ्टच्या दात्यांत अडकवतो आणि दोघं मिळून शाफ्ट अर्धा फेरा फिरवतो. झाकणावर खडूने तारीख लिहितो आणि परत येतो. चाळीस मिनिटांचं काम. का ते तुला सांगायला नको, पण काकू शेजारी बसून वाचतेय आणि कोपराने ढोसतेय, म्हणून तिच्यासाठी लिहितो. टर्बाइनचा शाफ्ट म्हणजे सोळा टन लोखंड, दोन टोकांवर टेकलेलं. महिनोन्महिने तसंच पडून राहिलं तर आपल्याच वजनाने मधे वाकतं. केसभर वाकलं तरी खेळ खलास, मग तो संच जन्मात चालू होत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची आपण कूस बदलतो ना, तसंच हे.

हुकूम आहे का म्हणशील. नाही. "बंद करा" असा हुकूम होता, "मोडा" असा नव्हता. त्या दोन्हींच्या मधे जेवढी जागा आहे तेवढ्यात मी बसलोय.

डिसेंबरात मी रिटायर होतो. त्याआधी एवढंच कळव, तीन नंबर राहणार की भंगारात जाणार? आणि गोलगोल लिहू नकोस.

तुझा काका

(मी काकू. चादरी वाळत घातल्या की राख बसायची, ती दहा महिन्यांत जरा कमी झाली आहे. त्यामुळे मला काही तीन नंबरचा पुळका नाही. तू कधी येतेस ते लिही.)


१९ जून

प्रिय काका,

पत्र ऑफिसच्या पत्त्यावर पाठवलंत! आमच्या दरवानाने "मॅडम, हाताने लिहिलेलं आलंय!" असं ओरडून अख्खा मजला गोळा केला. सगळ्यांना वाटलं माझं लग्न ठरलं.

दांड्याचं वाचून आधी हसले, मग घाबरले. काका, बंद केलेल्या संचाला विनापरवाना हात लावायचा नाही. दांडा निसटून कोणाचा हात मोडला तर? क्रेनवाल्याला तीन लहान पोरं आहेत. तुम्ही अठ्ठावन्नचे आहात आणि वागता अठरासारखे.

आणि रागावणार असाल तर रागवा, पण हिशेब सरळ आहे. तीन नंबर एक युनिट वीज करायला चार नंबरच्या सव्वापट कोळसा खातो. राखही तेवढीच जास्त. आता दिवसा सौर आहे, वारा असेल तेव्हा पवनचक्क्या आहेत, आणि जिथे फट राहील तिथे गॅसची नवी केंद्रं. ती अर्ध्या तासात पूर्ण जोर धरतात. तुमच्या बॉयलरला नुसता घाम फुटायला तेवढा वेळ लागतो. गॅस सीमेपलीकडून नळाने येतो, वीस वर्षांचा करार आहे. काळजी कशाची?

भंगाराची फाइल ऑक्टोबरात निघेल. यादी समितीने केली. सात जणांची समिती होती, मोठी मोठी माणसं. मी आणखी काय सांगणार?

काकूला सांगा, रजा मिळाली की येते. आणि तुम्ही तो दांडा सोडा.

तुमची भिंगरी


२ जुलै

चि. भिंगरी,

समितीत सात जण होते हे कळलं. बरं.

वीस वर्षांच्या कराराचं वाचून मला हसू आलं. अगं, शेजाऱ्याच्या नळाला आपली नळी लावायची आणि वर म्हणायचं आमच्याकडे पाण्याची सोय आहे! शेजारी भला माणूस असेल. पण उद्या त्याच्याच घरात भांडण लागलं तर तो आधी स्वतःची बादली भरेल की तुझी?

आमची खाण इथून अकरा किलोमीटरवर आहे. आपल्या जमिनीत, आपल्या माणसांच्या हातची. यार्डात आज एकवीस दिवसांचा कोळसा पडलाय. डोझरवाला दिवसभर ढिगावरून फिरून तो दाबत असतो, नाहीतर आत हवा शिरली की ढीग आपोआप धुमसायला लागतो. घरात धान्य भरलेलं असलं की बाहेरच्या बातम्यांनी माणूस हलत नाही. वारा पडू दे, आभाळ येऊ दे, शेजारी रुसू दे, ढीग जागेवर असतो. यालाच तुम्ही लोक राजधानीत जड नाव देता, ऊर्जा सुरक्षा. आम्ही एकवीस दिवस म्हणतो.

राखेचं मान्य. काकूच्या चादरी आणि माझा खोकला, दोन्ही साक्षीला उभे आहेत. उद्या तुझं ऊन साठवून देशाला अष्टौप्रहर पुरायला लागलं तर तीन नंबरचा पहिला नट मी स्वतः सोडवेन, शब्द देतो. पण अजून ते पुरत नाही. आणि नवं पुरायला लागेपर्यंत जुनं वाकू द्यायचं नाही, एवढंच माझं म्हणणं.

दांडा सोडा म्हणतेस. तू दहा वर्षांची असताना शाळेतून परस्पर टर्बाइन हॉलमध्ये यायचीस आणि मी हाकललं तरी जायची नाहीस. दिवसभर त्या मशीनभोवती गरगर फिरायचीस म्हणून तर तुझं नाव भिंगरी पडलं. तेव्हा तू ऐकलं नाहीस, आता मी ऐकत नाही. फिटंफाट.

तुझा काका


२४ जुलै

भिंगरी,

तुझं उत्तर आलं नाही, तरी लिहितोय, कारण वेळ नाही.

पंधरा तारखेला मुख्य कार्यालयातून एक साहेब आले, भंगाराची मापं घ्यायला. कागद दिसला की टाचणी, म्हणून आम्ही त्यांना टाचणीसाहेब म्हणतो. तीन नंबरच्या झाकणावर त्यांना खडूची ताजी तारीख दिसली, "सोमवार, १३ जुलै". वर बेअरिंगला ताजं तेल. झालं! चाळीस वर्षांची सवय गं, काम केलं की तारीख टाकायची. चोर कधी सही करून जातो का? मी गेलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कोण आलं होतं म्हणून विचारलं. मी म्हणालो, मी एकटाच. सोळा टन शाफ्ट एकट्याने कसा फिरवता? म्हटलं, सवयीने. टाचणीसाहेबांनी ते तसंच्या तसं लिहून घेतलं. क्रेनवाला मागे उभा राहून पांढरा पडला होता, त्याला मी डोळ्याने गप्प बसवलं.

दुसऱ्या दिवशी निलंबनाचं पत्र. मालमत्तेशी छेडछाड, आणि भंगार चोरीचा संशय. गेटपास काढून घेतला. चोरी! या गेटमधून मी चाळीस वर्षांत साधा बोल्ट घरी आणला नाही, काकू खुर्चीचा पाय डुगडुगतो म्हणून वर्षभर ओरडत होती तरी. काकू म्हणते, चोर सोडून संन्याशाला फाशी. तिच्या तोंडून माझी बाजू निघाली, यावरून काय ते समज.

पण ते जाऊ दे. वीस तारखेचा सोमवार तसाच गेला. येत्या सोमवारी दुसरा जाईल. असे आठ-दहा गेले की शाफ्टचं मी काही सांगू शकणार नाही. मी स्वतःसाठी काही मागत नाही. चौकशी होऊ दे, सुनावणी होऊ दे. मला फक्त तुझ्या ऑफिसच्या कागदावर एक ओळ हवी: "निर्णय होईपर्यंत संच क्रमांक तीनचा शाफ्ट दर आठवड्याला फिरवावा." कोणीही फिरवो. माझा हात लागायला पाहिजे असं काही नाही.

आजवर तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही, हे तुला माहीत आहे.

काका


३० जुलै

प्रिय काका,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. आता सरळ लिहिते.

समितीत सात जण होते असं तुम्हाला लिहिलं. सातवी मी होते. तीन नंबर बंद करावा हे टिपणही माझंच, त्यावर पहिली सही माझी. तुम्ही यादी कोणी केली विचारत नाही म्हणालात, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं आणि मग दिवसभर अन्न गेलं नाही.

ती एक ओळ मी पाठवू शकत नाही. आता पाठवली तर पुतणीने काकाला वाचवलं म्हणतील आणि तुमची चौकशी आणखी चिघळेल. हे खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं की मला भीती वाटते. एवढ्या मोठ्या टेबलाभोवती बसून, माझंच टिपण हातात धरून, "यात काहीतरी राहिलं" म्हणायची भीती. तुम्ही सोळा टन एकट्याने फिरवतो म्हणालात ना काका, माझ्याने एक कागद फिरवला जात नाही.

मला माफ करा असं लिहीत नाही. तुम्ही लगेच कराल, आणि मला ते सोसणार नाही.

गेले दोन दिवस सीमेपलीकडच्या गॅसचा दाब कमी येतोय. तिकडे दुरुस्ती चालू आहे म्हणतात.

भिंगरी


६ ऑगस्ट

चि. भिंगरी,

वेडी कुठली! सातवी तू होतीस हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. टिपणाची प्रत आमच्या मोठ्या साहेबांकडे आली, तेव्हा त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सही दाखवली. बिचारे पाण्याचा पेला हातात घेऊन उभे होते, मला चक्कर येईल म्हणून. मी काय म्हणालो ठाऊक आहे? म्हणालो, साहेब, सही काय झोकात करते पोरगी!

आता माझं ऐक. तुझ्या टिपणातले आकडे आले कुठून? राजधानीतून तक्ता आला होता. किती कोळसा खातो, किती राख टाकतो, वर्षात किती वेळा बंद पडला. तो भरला मी. मोठे साहेब म्हणाले, थोडं गोड करून लिहा, आपला तीन नंबर वाचेल. मी म्हणालो, साहेब, हे वाचणारी माझी पुतणी आहे, तिला खोट्यावर सही करायला लावू? एकेक आकडा खरा लिहिला. आणि खऱ्या आकड्यांवर जो निकाल यायला हवा तोच तू दिलास. आपल्या काकाचा संच म्हणून तू त्याला वगळलं असतंस ना, तर मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. त्या दिवशी मी घरी आलो तो छाती पुढे काढून. काकूला वाटलं पगारवाढ झाली.

खोट होती ती तक्त्यात. उद्या देश अडला तर हा संच किती दिवसांत उभा राहील, हा प्रश्नच त्यात नव्हता. कोणी विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही. मी समासात एक ओळ लिहू शकलो असतो. तेव्हा ती चूक तुझी एकटीची नाही, निम्मी माझी. भीतीचं म्हणशील तर ती मलाही वाटली होती, म्हणून तर दहा महिने गुपचूप केलं. छातीठोकपणे विचारलं असतं तर कदाचित हुकूमही मिळाला असता.

आता मजा ऐक. सत्तावीस तारखेच्या सोमवारी मी गेटबाहेरच्या बाकावर बसलो होतो. आत जाता येत नाही, पण घरीही बसवेना. नाश्त्याची सुट्टी झाली आणि सुट्टीत बाहेर चहाला येणारं कोणीच बाहेर आलं नाही. तासाभराने क्रेनवाला आला, हात तेलाने बरबटलेले. म्हणाला, झालं. कोणी कोणी केलं विचारलं, तर म्हणाला, जाऊन बघा म्हणालो असतो, पण तुम्हाला सोडत नाहीत. मग त्याने सांगितलं. बॉयलरच्या बाई, डोझरवाला, वेल्डर, प्रयोगशाळेतली पाणी तपासणारी, सगळे मिळून अकरा जण. शाफ्ट फिरवला, झाकणावर तारीख लिहिली आणि तिच्याखाली अकराही जणांनी खडूने आपापली पूर्ण नावं लिहिली. बाई म्हणाल्या म्हणे, टाचणीसाहेबांना शोधत बसायला नको.

मला तिथेच रडू आलं. पोरी, चाळीस वर्षं मी मशीनवर जीव लावला असं मला वाटत होतं. माणसांनी एवढा लावला असेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

तू जेव. अन्नावर राग काढू नकोस.

तुझा काका


२१ ऑगस्ट

काका,

हे पत्र ऑफिसचा माणूस गाडीने घेऊन येतोय, त्याच्याच हाती उत्तर द्या.

बातम्यांत ऐकलं असेलच. सतरा तारखेपासून गॅस पूर्ण बंद आहे. सीमेपलीकडे लढाई पेटलीय, करार कपाटात आहे आणि नळ कोरडा. त्यात आठवडाभर वारा पडलेला. दुष्काळात तेरावा महिना. सौर दिवसा सांभाळून घेतंय, पण सूर्य कलला की पुढचे पाच तास आमचा जीव टांगणीला. रोज दुपारी मी यादी करते, आज कोणत्या गावांची वीज कापायची. माझ्या नशिबात याद्याच लिहिल्या आहेत.

काल सगळ्या अकरा बंद संचांना विचारलं, किती दिवसांत चालू होईल? उत्तरं आली: सहा महिने. आठ महिने. शाफ्ट वाकला आहे. कापून नेला आहे. तुमच्या मोठ्या साहेबांनी लिहिलं, "ज्या माणसाला आपण निलंबित केलं आहे त्याला विचारावं लागेल."

टेबलावर हे मोठ्याने वाचलं गेलं. मग मी उठले काका. म्हणाले, तो माणूस माझा काका आहे. तीन नंबर बंद करा हे टिपण माझं आहे. आकडे खरे होते, पण एक प्रश्न विचारायचा राहिला आणि तो राहू देणारी मी आहे. आणि तो शाफ्ट गेलं वर्षभर हुकूम नसताना दर सोमवारी फिरतो आहे. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून विचारलं, "म्हणजे तो सरळ आहे?" मी म्हणाले, माझा काका आणि शाफ्ट, दोन्ही.

निलंबन रद्द झाल्याचा हुकूम सोबत आहे. किती दिवस लागतील? माझी मान वर राहावी म्हणून कमी सांगू नका. जो आकडा द्याल त्यावर मी देशाचं वेळापत्रक मांडणार आहे.

भिंगरी


२१ ऑगस्ट, दुपार

चि. भिंगरी,

तुझा माणूस जेवतोय तोवर लिहितो.

हुकूम माझ्या एकट्याचा आहे. खडूने नावं लिहिली म्हणून त्या अकरा जणांवरही नोटिसा निघाल्यात. त्या आधी मागे घ्या. तोवर मी गेटच्या आत पाय ठेवणार नाही, देश अडला तरी. तू ते करशील हे माहीत आहे, म्हणून अडवणूक म्हणत नाही, क्रम सांगतोय.

शाफ्ट मी आताच गेटवरून निरोप पाठवून मोजायला लावला. वाक नाही. बॉयलरच्या बाई म्हणतात नळ्यांत पाणी भरून दाब द्यायला तीन दिवस, गळती निघाली तर वेल्डरचे आणखी तीन. निघणारच, म्हातारं हाड आहे. कोळशाचा पट्टा दोन ठिकाणी उंदरांनी खाल्लाय. सगळं धरून चौदा दिवस. क्रेनवाला दहा म्हणतो, तो उत्साही आहे. तू चौदा धर.

टेबलापुढे उभी राहून बोललीस ते वाचून काकूने पत्र माझ्या हातातून ओढून घेतलं आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवलं. अजून परत दिलेलं नाही.

काका


५ सप्टेंबर

प्रिय काका,

काल तुम्ही तिकडे घामाघूम झाला असाल, इकडे काय झालं ते सांगते.

आमच्या भिंतीवर एक मोठा आकडा असतो, विजेच्या फ्रिक्वेन्सीचा. पन्नासावर राहिला तर देश सुखात. काल संध्याकाळी सहाला तो एकोणपन्नास पॉइंट सहावर आला होता आणि खाली खाली घसरत होता. कापायच्या गावांची यादी माझ्यापुढे होती. शेवटचं नाव एका गावाचं, दोन लाख वस्ती, लहान मुलांचं मोठं हॉस्पिटल. सात वाजता त्याचा नंबर. तिथल्या हॉस्पिटलच्या जनरेटरला डिझेल मिळत नाहीये असा निरोप दुपारीच आला होता. मी पेन हातात घेऊन बसले होते आणि घड्याळाकडे बघवत नव्हतं.

सहा चाळीसला लाइनवर तुमच्या बॉयलरच्या बाईंचा आवाज आला, "संच क्रमांक तीन जोडायला तयार." मी म्हणाले, "घ्या." तीस मेगावॉट आले. मग साठ. शेजारचा सहकारी मोठ्याने आकडे वाचायला लागला. सात वाजायला पाच मिनिटं असताना एकशे चार. मी यादीतलं शेवटचं नाव खोडलं. इतक्या जोरात की खालचे दोन कागद फाटले.

मी नोटिसा त्याच रात्री मागे घ्यायला लावल्या, तुम्ही चौदा म्हणालात आणि चौदाव्या दिवशी दिलंत.

एकशे चार म्हणजे देशाच्या मागणीत चिमूटभर, हे मला कळतं. पण त्या गावात काल सात ते दहा वीज गेली नाही. आणि ती जाणार होती हे तिथे कोणालाच कधी कळणार नाही. मला तुमचा इतका अभिमान वाटतोय की काम सुचत नाहीये.

भिंगरी


१२ डिसेंबर

प्रिय काका,

फाइल निघाली, पण भंगाराची नाही. गॅस पुन्हा येतोय, तरी तीन नंबर मोडायचा नाही. तो आता राखीव संच, नेहमी चालवायचा नाही, पण वाकूही द्यायचा नाही. दर सोमवारचं काम आता लेखी हुकुमाने होणार, तुमच्यामागे क्रेनवाल्याच्या नावाने. पाच वर्षांत साठवणुकीची नवी केंद्रं उभी राहिली की पुन्हा विचार होईल, तेव्हा पहिला नट तुमचा, शब्द दिलाय तुम्ही. आणि देशभरच्या तक्त्यात एक नवा रकाना आलाय: "अडचणीच्या वेळी किती दिवसांत चालू होईल?" रकाना मी घातला, अध्यक्षबाईंनी एका दमात मंजूर केला.

तुम्ही निरोपाच्या दिवशी भाषण करायचं नाकारलंत असं काकूने कळवलं. बक्षीस काय हवं विचारलं तर म्हणे, त्या गावाचं नाव हवं. यादी गुप्त असते, काका! पण संकट टळलंय, अध्यक्षबाईंची परवानगी घेतली आहे. नाव वेगळ्या चिठ्ठीवर आहे. वाचून फाडून टाका.

भिंगरी


९ जानेवारी

चि. भिंगरी,

चिठ्ठी फाडली आणि दुसऱ्या आठवड्यात बसने त्या गावाला जाऊन आलो. चार तासांचा रस्ता. काकू म्हणाली, तिथे आपलं कोण आहे? मी म्हटलं, दोन लाख माणसं आहेत. कपाळावर हात मारून तिने डबा भरून दिला.

हॉस्पिटल बघितलं, बाहेरूनच. तीन मजली, पिवळं. खिडकीत एक एवढीशी पोरगी उभी होती, तिने मला जीभ दाखवली. मी पण दाखवली. मग पिठाची गिरणी बघितली, छापखाना बघितला, बर्फाचा कारखाना बघितला. भर गर्दीच्या रस्त्यावर मी एकटाच माणूस विजेच्या तारांकडे बघत चाललो होतो, दोनदा धडकलो.

शेवटी एका न्हाव्याच्या दुकानात दाढीला बसलो. माझं परगावचं रूप बघून त्याने गप्पा सुरू केल्या. संकटाचा विषय मीच काढला, मुद्दाम. म्हटलं, तेव्हा फार हाल झाले असतील नाही तुमचे? तर वस्तरा थांबवून तो म्हणतो, "कसले हाल, काका! रोज बातम्यांत बोंबाबोंब, अंधार होणार, अंधार होणार. मी मेणबत्त्यांची दोन खोकी आणून ठेवली. आणि झालं काय? सप्टेंबरात एकदासुद्धा वीज गेली नाही. एकदासुद्धा! हे सरकारी लोक उगाच घाबरवतात. मेणबत्त्या अजून तशाच पडल्यात बघा."

आणि त्याने खरंच कोपऱ्यातली दोन खोकी दाखवली, न फोडलेली.

मी म्हटलं, खरंय बाबा, उगाच घाबरवतात. त्याने विचारलं, तुम्ही काय करायचात? म्हटलं, कोळशाच्या कामावर होतो. "अरेरे," म्हणाला, "आता ते सगळं जुनं झालं, नाही?" मी हो म्हणालो.

बाहेर आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि एकेका दुकानात दिवे लागत होते. कोणी वर बघत नव्हतं. कशाला बघतील? मी मात्र रस्त्याच्या मधोमध उभा राहून बघत बसलो, एक सायकलवाला शिव्या घालून गेला तरी हललो नाही. भिंगरी, चाळीस वर्षांत मला मानपत्रं मिळाली, बिल्ले मिळाले. त्या न फोडलेल्या दोन खोक्यांएवढं काही मिळालं नव्हतं. त्यातलं एक तुझं आहे.

तुझा काका